आठशे रुपयांचा आवाज

मडके विकत घेताना ते बोटाने वाजवून पाहावे, ही रीत पांढुर्ण्याच्या बाजारात अद्याप मोडलेली नाही. परंतु वाजणे हेच जिचे एकमेव काम, अशी वस्तू म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. तो मात्र आपण खोक्यावरील चित्र पाहून व आकडे वाचून घरी आणतो. ही विसंगती आम्हांस गतवर्षी चांगलीच भोवली. त्या अनुभवातून आमचे जे मत बनले, ते ह्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही म्हणजे दहावीच्या वर्गातील पाच विद्यार्थी. स्नेहसंमेलनात जात्यावरच्या ओव्या ऐकवाव्यात, अशी कल्पना वर्गात निघाली. आमच्यापैकी एकाचे आजोळ सौंसर तहसिलीतील एका खेड्यात आहे. दिवाळीच्या सुटीत त्याच्या आजीने मोबाइलपुढे बसून पंधरावीस ओव्या म्हटल्या. जाते पुष्कळ दिवसांत फिरले नव्हते, तरी तिने खुंट्यावर हात ठेवूनच गाणे सुरू केले. त्यावाचून तिला शब्द आठवेनात. ध्वनिमुद्रण उत्तम साधले. उरला तो ऐकविण्याचा प्रश्न. वर्गाची वर्गणी आणि घरोघरची रद्दी विकून आलेले पैसे मिळून आठशे रुपये जमले व तेवढ्याच किमतीचा एक स्पीकर आम्ही आणला. त्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही. ह्या किमतीच्या वस्तू एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की एकीस दोष देऊन दुसरीस मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही.

पहिल्या दिवशी वर्गात जल्लोष झाला. कोणीतरी एक सिनेमाचे गाणे लावले आणि बाकावर ठेवलेली कंपासपेटी थरथरू लागली. ‘काय दणका आहे!’ हा एकच अभिप्राय चोहोंकडून उमटला. दुसऱ्या दिवशी आजीच्या ओव्या लावल्या. आवाज मोठा आला, भरदार आला, पण शब्द कळेनात. पुढे आम्ही तो स्पीकर घेऊन आजीकडेच गेलो, तेव्हा ती क्षणभर ऐकून म्हणाली, ‘हा काही माया आवाज नाही गा, पोराहो.’ तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिचा आवाज बारीक व किंचित चिरका आहे. डब्यातून येणारा आवाज कोणा जाड्या बाईने रांजणात तोंड घालून गावे तसा होता.

असे का व्हावे? आमच्या स्पीकरमधील पडदा ५२ मिलिमीटर व्यासाचा आहे. आपल्याकडच्या बागेतले बरे भरलेले संत्रे ह्याहून मोठे असते. खोल, खर्जातला स्वर उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि एवढ्याशा पडद्यास ती हलविता येत नाही. डग्ग्याचा खराखुरा खर्ज अशा डबीतून निघणे जवळजवळ अशक्य होय. मग दणका कोठून येतो? निर्माते खर्जाच्या किंचित वरचे स्वर मुद्दाम फुगवितात आणि उरलेले काम आपला कान करतो. मूळ स्वर गैरहजर असला तरी त्याच्या पटीतील वरचे स्वर ऐकून मेंदू तो मनाने भरून काढतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदास ३०० ते ३४०० कंपनांचाच पट्टा जात असे. पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच्या पुष्कळ खाली, सुमारे १०० ते १२० कंपनांवर असतो. तरीही टेलिफोनवर वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटे. युक्ती वाईट नाही. परंतु फुगविलेला भाग शब्दांवर पांघरुणासारखा पसरतो, हे दुखणे तिच्यातूनच येते.

शब्द ओळखू येतात ते मुख्यत्वे व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते. ‘स’चा सीत्कार साधारणपणे ४००० कंपनांच्या वर पसरलेला असतो, ‘श’ त्याहून थोडा खाली येतो. म्हणून आम्ही एक घरगुती कसोटी तयार केली. मराठीत ‘चार’मधला च निराळा आणि ‘चाक’मधला निराळा, ‘जहाज’मधला ज निराळा आणि ‘जाळे’मधला निराळा. लिहिताना अक्षर एकच, कानास मात्र दोन. असे वीस शब्द एका मुलीने उलटसुलट क्रमाने वाचून मुद्रित केले व दहा जणांनी ते दहा पावलांवरून ऐकून लिहून काढले. दोन च ज्याला वेगळे ऐकविता येत नाहीत, तो स्पीकर मराठी माणसाच्या घरात कितीही दणदणला तरी पाहुणाच राहणार, असे आमचे प्रामाणिक मत आहे. खोक्यावर ही कसोटी छापलेली आढळणार नाही. ती प्रत्येकाने दुकानात उभे राहूनच करावयाची आहे.

पहिल्या परीक्षेत स्पीकर सपशेल नापास झाला. मात्र त्याचा निम्मा दोष आमच्याकडे होता, हेही सांगितले पाहिजे. आम्ही तो पोकळ लोखंडी कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला होता. कोपऱ्यातील दोन भिंती जाड आवाजास अधिकच बळ देतात आणि कपाटाचा पत्रा स्वतःच गुणगुणू लागतो. आम्ही स्पीकर लाकडी स्टुलावर, भिंतीपासून चारपाच हात दूर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. खाली दुमडलेली सतरंजी घातली. ‘बेस’ वाढविणारे बटण बंद केले. ह्या सगळ्यास दमडीचाही खर्च आला नाही. दुसऱ्या परीक्षेत वीसपैकी सरासरी सोळा शब्द बरोबर आले. ह्याउलट एका वर्गमित्राच्या घरचा जुना ट्रान्झिस्टर ह्याच कामी आणला तेव्हा, त्याचा मोठा कागदी पडदा दणका मुळीच देत नसताही, बातम्यांतील शब्द न् शब्द कळत होता. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १९५६ साली नागपूर एका राज्यात आणि आपला छिंदवाडा जिल्हा दुसऱ्या राज्यात गेला, तरी त्या केंद्राचा मराठी आवाज सीमेवर थबकला नाही. अशाच कागदी पडद्यांतून तो आपल्या घरांत येत राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, पण आजोबांचा कान अजून त्याच आवाजावर पोसलेला आहे.

आता आकड्यांकडे वळू. खोक्यावर ‘१० वॅट’ असे ठळक अक्षरांत आहे, आणि त्याखाली ‘६ तास’ असेही आहे. आतील बॅटरी १२०० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे सुमारे ४.४ वॅट-तास होतात. म्हणजे स्पीकर खरोखर १० वॅटने वाजला तर अर्ध्या तासाच्या आतच गप्प होईल. आणि ६ तास वाजावयाचा तर सरासरी पाऊण वॅटहून कमीवर वाजला पाहिजे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. गंमत अशी की खोलीत ऐकण्यास पाऊण वॅट पुरतोसुद्धा. मध्यम आवाजात आमचा स्पीकर सुमारे चार तास चालला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आठवीचे गणित येणाऱ्यासही गिऱ्हाईक म्हणून फसवता येते, ह्याबद्दल.

पटांगणासाठी मात्र हे साधन नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ८० डेसिबल असेल, तर आठ मीटरवर तो ६२ वर येतो आणि सोळा मीटरवर ५६ वर. तीनशे मुलांच्या कुजबुजीत तो बुडणारच. आमच्यापैकी एकाने ‘मग डीजे मागवू’ असा तोडगा काढला होता. पोळ्याच्या व गणपतीच्या दिवसांत त्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढून छातीवर हात ठेवून गेलेल्या वाचकांस तो आम्ही का फेटाळला, हे सांगावयास नको.

बिनतारी जोडणीविषयी थोडक्यात लिहितो. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ ह्या राजाचे नाव लाभलेली ही योजना २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालते व अशा स्पीकरांत तिचा पल्ला साधारण दहा मीटर धरतात. मोबाइल मागच्या खिशात घालून स्पीकरकडे तोंड करून उभे राहिले की आवाज अडखळे. ह्या लहरी मनुष्याच्या पाणीदार देहातून सहज पार होत नाहीत. दुसरे असे, की आवाज किंचित मागाहून पोचतो. ओव्या ऐकण्यास त्याने काही बिघडत नाही, परंतु मोबाइलवर बोट ठेवून तबला वाजवू पाहणाऱ्यास हा विलंब असह्य होतो. संगीताच्या गुरुजींनी तो प्रयोग पाचव्या मिनिटास थांबविला.

बांधणीच्या बाबतीत आमचे मत अधिक कठोर आहे. वरचे कापड सुबक आहे, जाळी घट्ट आहे, बाकावरून पडूनही डबी फुटली नाही. ‘आयपीएक्स ५’ ह्या शिक्क्याचा अर्थ पाण्याचा फवारा सोसेल असा होतो. परंतु त्यातील ‘एक्स’ म्हणजे धुळीबाबत काही सांगितलेले नाही, हे दुकानात कोणी समजावून देत नाही. आपल्याकडे वैशाखात पाण्यापेक्षा धुळीचीच भीती अधिक. शिवाय पाणी अडविणारी सारी मदार चार्जिंगच्या भोकावरील रबरी झापेवर आहे, आणि ती झाप दुसऱ्याच महिन्यात तुटली. तिसऱ्या महिन्यात ते भोकच सैल झाले. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो तर त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली. स्क्रू एकही नाही, सर्व काही डिंकाने चिकटविलेले. पातळ पट्टीने सांधा उकलताना कडेचा एक तुकडा उडालाच. आतले काम पाच मिनिटांचे निघाले, एक डाग देताच चार्जिंग सुरू झाले. दुरुस्ती अवघड नव्हती, उघडणे अवघड होते. चार स्क्रूंचा खर्च वाचवून निर्मात्याने आठशे रुपयांची वस्तू एका डागासाठी कचऱ्यात जाण्याची सोय करून ठेवली आहे. स्वस्त वस्तू ज्याला परवडते, त्यालाच ती वर्षाआड नवी घेणे परवडत नाही, ही साधी गोष्ट त्याला कळू नये, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

मग हा स्पीकर घ्यावा की घेऊ नये? एका खोलीसाठी, पंचवीस-तीस माणसांसाठी, बोललेले व गायिलेले शब्द ऐकण्यासाठी अवश्य घ्यावा. मात्र आपल्या घरच्या कोणाचा तरी मुद्रित आवाज बरोबर नेऊन, ‘बेस’ बंद करवून, दुकानातच ऐकावा. ओळखीचा आवाज ओळखू आला नाही तर दुसरा मागावा. दणक्यासाठी घेणाऱ्याने घेऊच नये.

संमेलनात आम्ही रंगमंचाचा नाद सोडला. नववीची खोली मागून घेतली, मधोमध स्टूल ठेवले आणि तीस-तीस जणांस आत बोलावून ओव्या ऐकविल्या. असे सात वेळा झाले. सहाव्या खेपेस बॅटरी संपली व अर्धा तास खोळंबा झाला, तेवढ्यात बाहेर थांबलेल्या दोन आज्यांनी आपल्या ओव्या आरंभिल्या होत्या. त्याही आम्ही मुद्रित करून घेतल्या आहेत. स्पीकर आता विज्ञान-कक्षाच्या कपाटात खालच्या फळीवर आहे. पुढील वर्षीच्या वर्गाने तो दोन-तीन महिन्यांनी एकदा निम्मा चार्ज करून ठेवावा, अगदी रिकामा पडू देऊ नये; आणि झाप नसल्यामुळे भोकात बसविलेला कापडाचा बोळा चार्जिंगच्या वेळी आधी काढून घ्यावा.