टिटवीला दगड मारण्याआधी

रात्री टिटवी ओरडली की माझी आजी अंथरुणात उठून बसे. "मेली आता कुणाच्या दारावर उठली आहे कोण जाणे," असे पुटपुटून ती देवाचे नाव घेई. शेतावर टिटवी दिसली की आम्ही पोरे दगड उचलायचो आणि मोठी माणसे आम्हाला अडवत नसत. आज प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हणवून घेताना त्या दगडांची लाज वाटते. पण हा लेख लिहायला भाग पाडले ते त्या दगडांनी नव्हे, माझ्या उत्साहाने.

मागल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतील पंचवीस-तीस मुलांना घेऊन मी बेळगावजवळच्या एका तळ्यावर गेलो. हेतू चांगला, मुलांना पाणथळीचे पक्षी दाखवण्याचा! काठावर पोचताच एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. मुलांना गंमत वाटली. ती तिच्यामागे धावली, आणि मीही "बघा, बघा" म्हणत राहिलो. थोड्या वेळाने एक लहान मुलगी जागच्या जागी उभी राहून रडू लागली. तिच्या चपलेखाली अंडे फुटले होते. टिटवी घरटे विणत नाही; उघड्या जमिनीवर, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी, बहुधा चार अंडी घालते. मुलीने विचारले, "दादा, ती आपल्याला सांगत होती का रे?"

होय, ती सांगतच होती. आजीच्या भीतीचे उत्तरही त्या प्रश्नातच आहे. टिटवी रात्रीही जागी असते. कुत्रा, कोल्हा किंवा माणूस जवळून गेला की ती ओरडून इशारा देते. तिला मरण दिसत नाही, फक्त आपली पिल्ले दिसतात.

ही हकीगत ऐकून एक सर म्हणाले, "मग मुलांना तिकडे नेऊच नये." मला हे पटत नाही. दगड मारणारे आम्ही टिटवीला ओळखत नव्हतो, म्हणूनच मारत होतो. चूक मुलांना नेण्यात नव्हती, नेण्याच्या रीतीत होती. सहल काढली की गर्दी होते. गर्दीला पक्षी दिसत नाही, पक्ष्याला मात्र गर्दी दिसते. म्हणून माझे मत असे की, ही ओळख कुटुंबाने करून द्यावी. आई, वडील, दोन मुले आणि जमल्यास आजी, एवढी मंडळी पुरे.

आणि सुरुवात पाणपक्ष्यांपासूनच करावी. रानातला पक्षी पानाआड लपतो, मुले कंटाळतात. चिखलातला पक्षी उघड्यावर उभा असतो. दुर्बीण नसली तरी शेकाट्याचे लांब लाल पाय आणि तुतवाराची सतत हलणारी शेपटी दिसते. चिखल्या आखूड चोचीने वरवरचे टिपतो, पाणलावा लांब चोच चिखलात खुपसून आतले शोधतो, तर शेकाट्या उंच पायांवर थोड्या खोल पाण्यात शिरतो. एकाच तळ्यात सारे जेवतात, पण कुणाचे ताट कुणाच्या आड येत नाही. हा धडा पुस्तकात पानभर लागतो, तळ्याकाठी पाच मिनिटे पुरतात.

नावांसाठीही दूर जायला नको. आपण बगळा म्हणतो, शेजारच्या घरात त्यालाच बेळ्ळक्की म्हणतात. मुलाने दोन्ही नावे शिकावीत. पक्ष्याला त्याची हरकत नसते!

पथ्ये थोडीच आहेत. उन्हाळ्यात उघड्या काठावर पाऊल जपून टाकावे. टिटवी ओरडू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवू नये, आणि फोटोसाठी त्याला उडवू नये.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार इराणमधील रामसर येथे 1971 साली झाला. आपल्या राज्यातील गदग जिल्ह्याच्या मागडी तळ्याला 2024 साली त्या यादीत स्थान मिळाले. पण गावोगावची लहान तळी कुठल्याच यादीत नसतात. कागदावर ती 'पडीक जागा' ठरली की मातीचे ट्रक यायला वेळ लागत नाही. त्या दिवशी "इथे कुणीतरी राहते" असे म्हणणारे माणूस गावात हवे. ते आजच्या मुलांतूनच तयार होईल.

यंदाच्या थंडीत ती मुलगी आई आणि आजीबरोबर पुन्हा तळ्यावर आली. मी लांबच उभा होतो. टिटवी ओरडली तशी आजी दचकली. मुलीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, घाबरू नको. तिचं घर इथं आहे. आपण थोडं मागं सरूया."

आणि त्या तिघी मागे सरल्या.