कळा येण्याआधीची शाळा

मराठीत बाई बाळंत झाली की ‘सुटका झाली’ म्हणतात. ‘मोकळी झाली’ असंही म्हणतात. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे तर प्रत्येक घरातली म्हातारी सांगते. या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती साठली आहे, आणि ती उगाच नव्हती. १९७१च्या सुमारास नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड परिसरात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती.

आज ते दिवस राहिले नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. राज्यातला मातामृत्यूचा दर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आला होता, त्याच काळात देशाचा दर ९७ होता. जीव वाचवण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने मोठी मजल मारली. धास्ती मात्र होती तिथेच आहे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने, झोपाळा, झाकलेल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी याची गंमत, ओटी. नऊ महिन्यांत सोनोग्राफी होते, लोहाच्या गोळ्या होतात, धनुर्वाताची इंजेक्शनं होतात. पण कळ म्हणजे शरीरात नेमकं काय होतं, ती किती वेळ टिकते, दोन कळांच्या मध्ये काय करायचं, श्वास कसा घ्यायचा, कुशीवर वळायचं की चालायचं, हे त्या पोरीला कुणीच सांगत नाही. आई म्हणते, वेळ आली की आपोआप कळतं. मग वेळ येते आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांत, उताणी झोपून, खाटेची कड घट्ट धरून ओरडते. तिच्यावर कुणीतरी खेकसतं. तिची आई दाराबाहेर पदराने डोळे पुसत उभी असते.

ही स्थिती बदलता येते आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. बाळंतपणाची पूर्वतयारी ही पुण्या-मुंबईच्या नोकरदार बाईची हौस नाही, प्रत्येक गरोदर बाईचा तो हक्क आहे, आणि तो देण्याची रीत नगर जिल्ह्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

शहरांत यासाठी पैसे भरून वर्ग मिळतात. त्यातले काही चांगले असतात. पण आपल्याकडे ‘गर्भसंस्कार’ या नावाखाली जे चालतं त्यात बरीचशी चर्चा बाळ कसं निपजेल याची असते: ते हुशार होईल का, शांत होईल का. चांगलं ऐकावं, चांगलं वाचावं, मन प्रसन्न ठेवावं, यात वावगं काहीच नाही. फक्त त्या गडबडीत आई मागे पडते. तिला बारा-पंधरा तास कळा सोसायच्या आहेत आणि त्या तासांबद्दल तिला कुणी तयार करत नाही.

कळांसाठी तयार करण्याच्या विद्येचा उगम पाहिला तर ती श्रीमंतांच्या घरात जन्मलेलीच नाही. ग्रँटली डिक-रीड हा इंग्रज डॉक्टर पहिल्या महायुद्धाच्या आधी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत बाळंतपणं करत होता. तिथे एका बाईने क्लोरोफॉर्म नाकारला. दुखायला हवंच होतं का, असा तिचा साधा प्रश्न होता, आणि तो त्याच्या मनातून गेला नाही. १९३३ साली त्याने पुस्तक लिहून आपलं म्हणणं मांडलं: भीतीने अंग आवळतं, आवळलेलं अंग जास्त दुखतं, आणि दुखल्याने भीती आणखी वाढते. फर्नां लमाझ या फ्रेंच डॉक्टरने १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन श्वास आणि सैलावण्याच्या सरावाने होणारी बाळंतपणं पाहिली. परतल्यावर पॅरिसमध्ये ही पद्धत त्याने ज्या प्रसूतिगृहात सुरू केली, ते धातुकामगारांच्या संघटनेचं होतं. म्हणजे त्याच्या वर्गात कामगारांच्या बायका बसत. लमाझचं नाव पुढे अमेरिकेत गाजलं ते १९५९ साली मार्जरी कार्मेल या एका आईने लिहिलेल्या पुस्तकामुळे.

नगर जिल्ह्यातल्या गोष्टीत ना श्वासाचं शास्त्र होतं, ना लमाझचं नाव.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं जोडपं जामखेडला आलं. तालुका कायम दुष्काळी. याच तालुक्यातल्या चौंडीत अहिल्यादेवी जन्मल्या, पण विसाव्या शतकाच्या मध्यातही इथल्या बाईला अडल्या वेळी डॉक्टर मिळत नव्हता. आरोळ्यांनी आधी गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची तरुण नर्स खेड्यात एकटी राहीना, आणि गावातल्या बाया तिच्याजवळ मन मोकळं करीनात. मग गावांनीच निवडलेल्या बाया पुढे आल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलेलं होतं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एका पंगतीत जेवायच्या, एका छताखाली झोपायच्या आणि शिकायच्या. गावी परतल्या की शिकलेलं घराघरांत सांगायच्या.

त्या काय सांगत, हे महत्त्वाचं आहे. त्या काळी गरोदर बाईला कमी खायला द्यायची पद्धत होती. समज असा की पोट एकच, त्यात बाळही आणि भाकरीही, जास्त खाल्लं तर बाळाला जागा उरणार नाही किंवा ते मोठं होऊन अडेल. या कार्यकर्त्यांनी बायकांना शरीराची ओळख करून दिली: भाकरीची पिशवी वेगळी, बाळाची वेगळी. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते दाखवलं. पायावर सूज, अंगावरून रक्त, आडवं बाळ, आधीचं अडलेलं बाळंतपण, या गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही, जामखेड गाठायचं, हे पाठ करून घेतलं. चीक फेकायचा नाही, बाळाला पाजायचा, हे सांगितलं. ती गरोदर बाईची शाळाच होती. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं, ओट्यावर आणि चुलीपुढे भरायची.

१९७६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यू हजारी १७६ वरून ५२ वर आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कार्यकर्त्यांपैकी जवळक्याच्या सरूबाई साळवे यांच्यावर ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने डिसेंबर २००८ मध्ये लेख छापला. त्यांच्या हातून पाचशेहून जास्त बाळंतपणं झाली होती. त्यांच्यासारख्याच कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट करून त्या म्हणाल्या की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे आणि महागडे. मग त्यांनी साधा दिवा पेटवला, दुसऱ्या दिव्याला लावला आणि सांगितलं की आम्ही या अशा आहोत, एकीची ज्योत दुसरीला देता येते. बाळंतपणाच्या तयारीला हे तंतोतंत लागू पडतं. ही विद्या यंत्रात नाही, ती एका बाईकडून दुसरीकडे जाते.

आता ती नेमकी काय आहे ते पाहू. गर्भाशय हा स्नायू आहे आणि कळ म्हणजे त्याचं आकुंचन. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयाचं तोंड थोडं थोडं उघडतं, दहा सेंटिमीटरपर्यंत. कळ चढते, टोकाला जाते, उतरते, बहुधा मिनिटभरात संपते. मग विसावा मिळतो. हे ज्या बाईला माहीत आहे ती विसाव्यात विसावते. ज्या बाईला माहीत नाही ती त्या मोकळ्या मिनिटांतही पुढच्या कळेच्या धास्तीने आवळून बसते आणि अर्ध्या रस्त्यातच थकते. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि कळा चालू ठेवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात ते अडथळा आणतं. त्यामुळे ‘घाबरू नकोस’ एवढं म्हणून भागत नाही, न घाबरण्याची रीत शिकवावी लागते.

ती रीत सोपी आहे. कळ सुरू झाली की नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, बशीतला कढत चहा फुंकावा तसा, त्याहून सावकाश सोडायचा. सोडताना तीन जागा तपासायच्या: जबडा, खांदे, मुठी. दात आवळलेले असतील तर सैल सोडायचे, खांदे कानांकडे चढले असतील तर खाली आणायचे. सोबत बसलेल्या बाईने कंबरेवर, माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरायचं. चालता येत असेल तर चालायचं, भिंतीला टेकून उभं राहायचं, कुशीवर वळायचं. शेतात खुरपताना दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाईला उताणं झोपून कळा द्यायला लावणं हे तिच्या शरीराच्याच विरुद्ध आहे. आठव्या महिन्यापासून रोज रात्री दहा मिनिटं सराव केला, तर कळांच्या वेळी आठवावं लागत नाही, अंगवळणी पडलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीच्या काळजीसाठी ५६ शिफारशी केल्या. त्यात स्नायू सैल करणं, श्वास, संगीत, मालिश या गोष्टी वेदना हलक्या करण्यासाठी स्पष्टपणे सुचवल्या आहेत. निरोगी बाईला कळांत चालू द्यावं, खाऊपिऊ द्यावं, हेही आहे. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे ही जुनी अट त्यांनी बाजूला ठेवली. कळांचा जोर खरा धरतो तो पाच सेंटिमीटरनंतर, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. एवढं एकच वाक्य घरच्यांना आधी माहीत असेल तर ‘अजून कसं होत नाही’ म्हणून दाराशी होणारा गोंधळ निम्मा होईल.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र सोबतीचा आहे. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांचा समावेश असलेल्या २६ चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कळांच्या काळात सतत कुणीतरी जवळ असलेल्या बायकांचं बाळंतपण सरळ होण्याचं प्रमाण जास्त, कळांचा वेळ थोडा कमी आणि सिझेरियन कमी, असं त्यात दिसलं. केंद्राच्या आरोग्य खात्याने तर २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, हेही त्यात सांगितलं. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षातल्या सन्मानाच्या वागणुकीवर भर आहे. अडचणी खऱ्या आहेत: खोली लहान, खाटांमध्ये पडदा नाही, रात्रपाळीला एकच सिस्टर. पडद्याला किती पैसे लागतात? आणि आत आलेली शहाणी मावशी त्या एकट्या सिस्टरचा भार हलकाच करते.

या तयारीबद्दल एक गैरसमज वाढू देता कामा नये. श्वासाचा सराव केला म्हणजे बाळंतपण सरळच होईल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. बाळ अडलं, ठोके घसरले, रक्तस्राव झाला, तर शस्त्रक्रियाच आई आणि बाळाला वाचवते. महाराष्ट्रात सिझेरियनचं प्रमाण २०१९-२१ पर्यंतच्या पाचेक वर्षांत २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं, आणि त्यातली सगळी गरजेची होती का हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो डॉक्टरांना आणि व्यवस्थेला विचारायचा. टाके पडलेल्या बाईला ‘तू कमी पडलीस’ असं वाटू देणारी तयारी ही तयारी नाही, नवा जाच आहे. शिकलेल्या बाईला कळांत घाई न करता विचारता आलं पाहिजे: सिझर का, थोडं थांबता येईल का, धोका कुणाला आहे?

जामखेड, पाथर्डी, शेवगावची आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि बाई गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. तिची तपासणी गावी होते, दिवस फडावर भरतात, आणि कळा येतात त्या ओळखीची एकही बाई नसलेल्या ठिकाणी. तिच्यासाठी शाळा निघण्याआधीच भरली पाहिजे, आणि तिच्या टोळीतल्या एका वयस्क बाईला तिच्याबरोबर बसवलं पाहिजे. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ वाड्यांतून राजूरला पोचेपर्यंत वाटेतच कळा वाढणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे.

यासाठी नवी योजना नको. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. त्या दिवशी बाया सकाळीच येतात आणि नंबर लागेपर्यंत तास-दोन तास बाकावर, पायरीवर, झाडाखाली बसून राहतात. तो वेळ वाया जातो. तिथेच आशाताईने किंवा नर्सने तासभर शिकवावं: कळ म्हणजे काय, श्वास, कुशी, कंबरेचा दाब, दवाखान्यात कधी निघायचं, धोक्याची लक्षणं कोणती. सोबत आलेल्या सासूला, आईला, नवऱ्यालाही बसवावं, कारण कळांच्या रात्री आठवण करून देणारे तेच असतात. प्रसूतिकक्ष आधी एकदा आतून दाखवावा. शिकवणारीला प्रशिक्षण लागेल, ते जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने द्यावं, आणि ते कसं द्यायचं हे शिकायला जामखेडला जावं.

येत्या ९ तारखेला जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांपुढे पुन्हा रांग लागेल. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या दिवशी व्हरांड्यात एक सतरंजी अंथरावी, आणि ज्यांच्या घरी कुणी पोटुशी आहे त्यांनी तिला एकटीला पाठवू नये, बाळंतपणात जी जवळ बसणार आहे तिला बरोबर न्यावं.