अठरा हजारांतले आमचे किती?

अंधेरीच्या जुहू गल्लीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यातल्या एका खोलीत पलंगाखाली, कपाटावर आणि शिलाई मशीनच्या शेजारी दुपट्ट्यांचे गठ्ठे असतात. धाकटी भावजय मंगळदास मार्केटातून कापड आणते, घरी लेस लावते आणि ऑनलाइन विकते. गेल्या वर्षी एका रात्री तिने मोबाइल आमच्यापुढे धरला. मोठ्या हिरव्या आकड्यांत लिहिले होते, महिन्याची विक्री १८,००० रुपये. शेजारी चढता बाण. अम्मी खूश होऊन म्हणाल्या, "मग या वेळी पोरीची फी यातूनच भरू."

फीची तारीख आली तेव्हा भावजयीच्या हातात तेवढे पैसे नव्हते. कुठे गेले, हे तिलाही सांगता येईना. घरात थोडी कुरबूर झाली. शेवटी एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो.

४५० रुपयांचा एक, असे ४० दुपटे मागवले गेले होते, म्हणून १८,०००. त्यातले ९ परत आले. राहिले ३१, म्हणजे १३,९५०. दर विकलेल्या दुपट्ट्यामागे कमिशन आणि कुरिअरचे ७० रुपये कापले गेले, ते २,१७०. परतीच्या कुरिअरचे ७२०. विकलेल्या मालाचे कापड आणि लेस नगाला २७० प्रमाणे ८,३७०. पिशव्या आणि चिकटपट्टी ४००. परत आलेल्यांपैकी दोन डागाळलेले, ते ५४०. हातात उरले १,७५० रुपये. तिची महिनाभराची मेहनत यातच आली.

मोबाइलवरचा आकडा खोटा नव्हता. फक्त तिथे 'विक्री' म्हणजे आलेल्या ऑर्डरी होत्या, आणि आम्ही त्याला कमाई समजलो. अशा आकड्यांच्या फलकाला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे फळी लावत, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारीत त्याच जागी वेग आणि पेट्रोल दाखवणारे काटे आले. हाकणाऱ्याला नजर टाकताच कळावे, एवढेच त्याचे काम.

आमची भाची कॉम्प्युटर शिकते. तिने कॉलेजच्या प्रकल्पासाठी मुमानीलाच नवा डॅशबोर्ड करून द्यायचे ठरवले. पहिला नमुना देखणा होता. सहा रंगांचा गोल आलेख होता, महाराष्ट्राचा नकाशा होता, टक्केवारी होती. भावजयीने तो वरखाली सरकवून पाहिला आणि विचारले, "छान आहे गं, पण माझे पैसे कुठे आहेत?" भाचीचा चेहरा उतरला.

वाट दाखवली ती आमच्या उपनगरातल्याच एका कामाने. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेले आयडीसी हे डिझाइनचे केंद्र आहे. तिथल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी 'स्वरचक्र' हा कळफलक केला. अक्षरावर बोट ठेवले की त्याच्याभोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. मराठी शाळेत शिकलेल्याला बाराखडी येतेच, ती नव्याने शिकवावी लागत नाही. भाचीने हेच उचलले. मुमानीला आलेख वाचता येत नसेल, पण जमा-खर्चाची वही येते.

दुसऱ्या नमुन्यात वर तीनच ओळी ठेवल्या. हातात उरले. येणे बाकी. परत आलेला माल. शब्द घरातले, आकडे आपल्या पद्धतीने, म्हणजे एक लाख असेल तर १,००,०००. लाल-हिरव्या रंगाबरोबर 'वाढले', 'घटले' हे शब्दही लिहिले, कारण काहींना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. अक्षरे एवढी मोठी की स्वयंपाक करता करता दिसावीत.

परतीचेही दोन भाग केले. दारावरच नाकारलेला माल वेगळा आणि उघडून, पाहून परत पाठवलेला वेगळा. दुसऱ्यात कारणाची ओळ दिली. तेव्हा कळले की बहुतेकांची तक्रार एकच, फोटोतला रंग आणि हातातला रंग जुळत नाही. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले होते. आता ते सकाळी खिडकीपाशी काढतो. परती कमी झाल्या आहेत.

अशी वस्तू पाच जणांच्या हाती देऊन पाहिली तरी तिचे बरेच दोष दिसतात, असे जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहिले होते. भाचीने ओळखीच्या पाच विक्रेत्या बायकांना मोबाइल दिला, "तुमचे किती उरले?" एवढेच विचारले आणि गप्प बसली. घाटकोपरला मसाले विकणाऱ्या खालाने 'येणे बाकी' हातातल्या पैशांत मिळवले. चूक खालाची नव्हती. त्या दोन ओळी चिकटून होत्या. आता त्यांच्यात रेघ आहे आणि पैसे येण्याची तारीखही आहे.

अब्बांनी एक ओळ वाढवायला लावली, घरात पडून असलेला विकाऊ माल. जकातीच्या हिशेबात तोही आजच्या भावाने मोजायचा असतो आणि आमची दर रमजानला तिथेच धांदल उडे. जकातीचे वर्ष चांद्र, कंपनीचा डॅशबोर्ड एप्रिल ते मार्च चालतो, म्हणून तारीख निवडायची सोय केली. बारकावे मात्र आलिमांना विचारूनच ठरवतो.

भगिनींनो, यासाठी कॉलेजचा प्रकल्पच हवा असे नाही. वहीत किंवा मोबाइलमधल्या तक्त्यात पाच रकाने आखा: विकले, परत आले, कापले गेले, मालाचा खर्च, उरले. दर जुम्याला दहा मिनिटे द्या.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या ओळीत २,६४० रुपये आले. फी त्याहून जास्त आहे. पण या वेळी ते आम्हाला पंधरा दिवस आधीच माहीत होते आणि कमी पडणारी रक्कम अब्बांनी वेळेवर बाजूला काढून ठेवली होती.