ड्रायर फिरत नाही?

भगिनींनो, दोन टाक्यांच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राचा ड्रायर अडला, की आपण लगेच मेकॅनिकला निरोप धाडतो. त्याआधी जरा कान देऊन ऐका. दुखणं कुठं आहे ते आवाजावरून बरंचसं कळतं.

आवाजच नाही : पिन नीट बसली आहे का, वीज आहे का, ते पाहा. झाकण पुरतं लागलं नसेल तरी ड्रायर फिरत नाही. झाकणाखालचा स्विच वीज तोडतो. तो स्विच कुणी ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणालं, तरी करू देऊ नका. फिरत्या टाकीत लहानग्याचा हात जायला क्षण पुरतो.

घूंऽऽ आवाज येतो, पण फिरत नाही : लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. पिन काढून टाकी हातानं फिरवा. अडली तर रुमाल-मोजा कडेनं खाली गेला असेल, नाहीतर ब्रेक अडकला असेल. मोकळी फिरली तर बहुधा कपॅसिटर गेला. ते काम मात्र मेकॅनिकचंच. पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

धडधडतो : कपडे एका बाजूला गोळा झालेत. सारखे पसरून दाबा.

पाणी तुंबतं : सांडपाण्याची नळी उंच टांगलेली किंवा मुडपलेली असेल. ती जमिनीलगत सरळ सोडा.

आणि यंत्राला हात लावताच मुंग्या आल्या, तर ‘थोडासाच तर शॉक’ म्हणून चालवून घेऊ नका. मेन स्विच बंद करा, अर्थिंग तपासून घ्या. तोवर धुणं हातानं झालं तरी चालेल!