कपाळ झाकलं, रंगाचं काय?

‘म्हणजे शेवटी पार्लरच काढणार ना?’ फॅशन मेकअप आणि हेअरच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हा आत्यानं विचारलं होतं. मला राग आला होता. परवा सेमिस्टरचा प्रोजेक्ट संपला आणि वाटलं, पार्लर काढलं तरी बिघडत नाही, पण समोर बसलेल्या बाईला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, तेवढं आधी शिकायला हवं.

प्रोजेक्ट असा होता : एक दशक निवडायचं, त्या काळाचा लूक एका मॉडेलवर करायचा, फोटो काढायचे आणि जर्नल लिहायचं. मी १९६०चं दशक घेतलं ते साधनासाठी. तिचं कपाळ रुंद. पडद्यावर ते खटकतं, म्हणून ‘लव्ह इन शिमला’ (१९६०) करताना दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखे तिचे केस कपाळावर कापून घेतले. झाकायला म्हणून केलेली ती गोष्ट ‘साधना कट’ नावानं घराघरात पोचली. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीजणींनी आरशासमोर उभं राहून तशी बट कापून घेतली असेल!

मॉडेल म्हणून शाळेपासूनची मैत्रीण तयार झाली. रंगानं छान सावळी, डोळे मोठ्ठे. केसांचं काम मस्त जमलं. रोलर लावले, मागच्या केसांत मुळाकडे उलटा कंगवा फिरवून फुगवटा आणला, वरून गुळगुळीत केलं. खरे केस कापायचे नव्हते, म्हणून पुढे क्लिपची बट लावली. आयलायनर बाहेरच्या कोपऱ्यात वर ओढलं, लिपस्टिक फिकी. मी खूश!

घोळ झाला तो फाउंडेशनमध्ये. मी शेड तपासली ती हाताच्या पाठीवर. वर आणखी दोन शेड उजळ घेतली. का, तर ‘फोटोत उजळ दिसलं पाहिजे’. हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही. हात आपोआप त्याच बाटलीकडे गेला. फोटो निघाला तर चेहरा राखेसारखा आणि मान मात्र तिची स्वतःची.

तिनं कॅमेऱ्यात बघितलं आणि हसली. ‘अगं, ही कोण? ताईच्या लग्नातही अशीच केली होती तिला. अजून अल्बम उघडत नाही ती.’ मग हळूच म्हणाली, ‘मला एकदा विचारायचंस तरी.’

त्या हसण्यापेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त लागलं. तीन तास मी तिच्या चेहऱ्यावर काम करत होते आणि तिला कसं दिसायचंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

सगळं पुसलं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात तिला बसवलं. जबड्याच्या कडेला तीन शेडचे पट्टे ओढले. जो त्वचेत दिसेनासा होतो तो आपला, हा नियम वहीत होताच की! दोन शेड मिसळाव्या लागल्या. डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी नारिंगी करेक्टर, मग फाउंडेशन. बाकी बट तीच, लायनर तेच. पण या वेळी फोटोत ती होती.

मॅडम म्हणाल्या, ‘पहिला फोटो काढून टाक, जर्नल नीटनेटकं दिसेल.’ मी मैत्रिणीला विचारून दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवले. मार्क कापले तर कापोत.

रुंद कपाळ एका बटेनं झाकता येतं, आणि उद्या बट मागे घेतली की कपाळ आहेच. रंगाचं तसं नाही. तो झाकायचा म्हणजे अख्खं माणूसच झाकायचं. ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डबीवरचं नाव बदलायला कंपनी पुरते. हाताची सवय आपली आपणच बदलायची.

हे आम्हा शिकणाऱ्या मुलींना सांगावंसं वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत मेकअप करण्याचं कार्ड अनेक दशकं फक्त पुरुषांना मिळायचं. बायकांनी केस करायचे, चेहऱ्याला हात लावायचा नाही! चारू खुराणा आणि तिच्यासारख्या इतरजणी त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे १० नोव्हेंबर २०१४ रोजी कोर्टानं तो नियम रद्द केला. इतक्या भांडणानंतर बाईच्या हातात ब्रश आलाय. त्या ब्रशनं आपण दुसऱ्या बाईला पुन्हा तेच सांगणार का, की तू आहेस तशी चालणार नाहीस? उजळ दिसायचं असेल तर जरूर दिसावं, हौसेला मोल नाही. पण ती हौस तिची असावी, आपल्या बाटलीची नको.

परवा आत्याचा फोन आला. आतेबहिणीचं लग्न ठरलंय. ‘आता घरचीच मेकअपवाली आहे म्हटल्यावर तूच कर. फक्त जरा उजळ कर हं तिला.’

म्हटलं, ‘करते की आत्या. फोन दे तिच्याकडे, आधी तिला विचारते.’