माझी टाकी आणि गावचं तळं

आज आधी एक कबुली देतो, मग इतरांकडे बोट दाखवतो.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी घरात फिश टँक आला. दुकानदाराने सोबत प्लास्टिकची झाडं दिली. पोरीला ती आवडेनात, म्हणून खरी आणली. त्यात एक पाण्यावर तरंगणारी, छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखी, वॉटर लेट्यूस. महिनाभरात तिने अख्खं पाणी झाकून टाकलं. मी जास्तीची बादलीत भरली आणि मागच्या ओढ्यात सोडून आलो. हिरवंच तर आहे, कचरा थोडाच आहे!

गेल्या आठवड्यात तळ्यावरच्या जलपर्णीची बातमी करायला गेलो. दरवर्षीचीच बातमी, फक्त तारीख बदलायची. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर जलपर्णीच्या मधे तेच कोबीचे गड्डे. आपला ओढा तळ्यालाच मिळतो. माझीच असतील असं नाही, पण माझी नाहीत हे कुठल्या तोंडाने सांगू?

आणि ही जलपर्णी तरी कुठली? मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आणलेली. म्हणजे सुरुवात हौसेतूनच. उलटंही घडलंय बरं का. आपल्याकडच्या तळ्यांत सहज सापडणारी हायड्रिला 1950 च्या दशकात ॲक्वेरियमच्या व्यापारातून श्रीलंकेहून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांत माजली. झाड वाईट नसतं, जागा चुकते.

म्हणून टाकीत झाडं लावू नका असं मी म्हणणार नाही. जरूर लावा. मासे जे घाण करतात त्यातला नायट्रोजन झाडं खातात, लाइट गेल्यावर फिल्टर बंद पडला तरी हे काम थोडंफार चालू राहतं. आपल्याकडे लाइट किती जाते ते सांगायला नको. नवख्याने व्हॅलिस्नेरिया घ्यावी, ती आपल्या देशातही नैसर्गिकरीत्या वाढते आणि फारसे लाड मागत नाही. ॲन्युबियस घेतली तर तिचं आडवं खोड वाळूत पुरू नका, सडतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा. दिवा सहा ते आठ तास पुरे. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली की शेवाळ आलंच म्हणून समजा.

शेवाळाने मला एक गोष्ट मात्र शिकवली. पोरगी माशांना दिवसातून चारदा खायला घालायची, तेव्हा मी दर रविवारी काच घासत बसायचो. खाणं कमी केलं, थोडं थोडं पाणी बदलत गेलो, शेवाळ आपोआप कमी झालं. तळ्यात आपण काय करतो? गटारं सोडतो, निर्माल्य टाकतो, आणि मग जलपर्णी काढायचं टेंडर काढतो. त्यात पोकलेनने काढलेला ढीग काठावरच कुजत पडतो, पहिल्या पावसात त्यातलं खत परत पाण्यात. पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर. कुणाचं पोट भरतं हे ज्याचं त्याने ओळखावं.

नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्या सगळ्या भावांना विचारतोय: जलपर्णी काढायला किती खर्च झाला हे मला विचारू नका, ते माहितीच्या अधिकारात मिळेल. तळ्यात येणारं सांडपाणी कधी अडवणार, तेवढं सांगा. आणि काढलेला ढीग त्याच दिवशी काठापासून लांब नेण्याची अट टेंडरमध्ये घाला.

माझ्यापुरतं म्हणाल तर टाकीतली छाटणी आता गच्चीवर कडक उन्हात वाळवतो, मग जास्वंदीच्या कुंडीत. रविवारी सकाळी सातला ओढ्यावर जाऊन ते कोबीचे गड्डे वेचणार आहे. कुणाला यायचं असेल तर गमबूट आणा, पाण्यात काचा आहेत.