किल्ली कुणाकडे?

बचत गटाची बैठक संपत आली होती. मी सगळ्यांसाठी चहा मागवला, तर निम्म्या बायकांनी कप बाजूला सारले. का, म्हणून विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी एक आजी म्हणाल्या, "ताई, आत्ता चहा प्याला की रात्री उठावं लागतंय. आन् रात्री जायचं कुठं?"

मैत्रिणींनो, त्या वस्तीत संडास नाही असं नाही. दहा सीटांचा, पक्का बांधलेला आहे. उद्घाटनाची कोनशिला आहे, गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्तीचा फलकही आहे. पण टाकीत पाणी नसतं, दिवे केव्हाच गेलेत, चार दारांना आतून कडी नाही. आणि बायकांच्या बाजूला जायची वाट पुरुषांच्या रांगेसमोरून! नकाशा काढताना वस्तीतल्या एकाही बाईला कुणी काही विचारलं नव्हतं. आपण घरात साधा ओटा बांधायचा तर गवंड्याच्या पाठीशी उभ्या राहतो, उंची सांगतो, मोरीचा उतार तपासतो. मग या बायकांना का विचारायचं नाही?

विचारलं तर काय होतं, हे पुण्यात दिसलं आहे. १९९९ साली तिथले महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांतल्या संडासांचं काम नेहमीच्या कंत्राटदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांना द्यायचं ठरवलं. स्पार्क ही संस्था, जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि महिला मिलन त्यात उतरले. महिला मिलन म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६मध्ये उभी केलेली संघटना. पुढच्या दोनेक वर्षांत पुण्यात शेकडो संडास उभे राहिले. कुठे कुठे तर वस्तीतल्या बायकांनीच बांधकामाचं कंत्राट घेतलं. ज्यांना सही करताना हात कापायचा, त्या सिमेंटच्या गोण्या मोजून घेऊ लागल्या, इंजिनिअरसाहेबांशी हुज्जत घालू लागल्या.

आणि त्यांनी काय काय मागितलं पाहा. बायका-पुरुषांची दारं आणि रांगा वेगळ्या. उजेड, वारा. पाण्याची मोठी टाकी. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, म्हणजे तिथे चोवीस तास माणूस असेल. मला सगळ्यात आवडली ती लहान मुलांची सोय. रांगेत मोठी माणसं पोरांना मागे ढकलतात, आत गेलं तर भोक मोठं, पडायची भीती. म्हणून पोरं गटाराच्या कडेलाच बसतात आणि वर आपण म्हणतो, यांना वळणच नाही! या संडासांत मुलांसाठी वेगळ्या, लहान भोकाच्या सीटा केल्या, धरायला दांडी बसवली. हे सुचायला पोराला हाताला धरून रांगेत उभं राहिलेली आईच लागते.

पैशांचा हिशेबही बायकांचाच. दर खेपेला एक रुपया म्हटला तर पाच माणसांच्या घराला महिन्याला दीडशे रुपये होतात. त्याऐवजी घरटी वीस रुपयांचा महिन्याचा पास काढला.

सगळे संडास पुढे तितकेच नीट राहिले असं नाही. जिथे वस्तीची समिती थकली किंवा कुणा दादाच्या हातात गेली, तिथे पुन्हा कुलूप लागलं. आणखी एक सांगते. 'लोकसहभाग' हा शब्द ऐकला की आता मला जरा धास्तीच वाटते. नळ, वीज, मैलावाहिनी ही पालिकेची जबाबदारी. ती न करता बायकांच्या हाती झाडू देऊन सहभाग म्हणणं ही चक्क फसवणूक आहे.

जिथे मैलावाहिनी जवळ आहे आणि घरात हातभर जागा निघते, तिथे घरचा संडासच बरा. पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स'नं पुण्यात, सांगलीत असं काम केलं आहे. संस्था वस्तीचा नकाशा करते, सामान दारात आणून देते आणि बांधकामाचा खर्च घरचे करतात. स्वतःचे पैसे घातले की माणूस त्याची खोली करून सामान भरत नाही. पण आठ बाय दहाच्या खोलीत सात माणसं असतील तर तिथे संडास कुठे बसवणार? तिथे वस्तीचाच लागतो, आणि तो चांगला असावा लागतो.

आमच्या वस्तीतल्या बायका गेले दोन महिने दर मंगळवारी बसताहेत. पालिकेत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकून परत आलो, तिसऱ्या खेपेला मात्र चाळीसजणी जिन्यावरच बसल्या. आता दुरुस्तीचं अंदाजपत्रक होणार आहे. आजींची एकच अट आहे, पाणी आल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही.

गुरुवारी इंजिनिअर जागा बघायला येणार आहेत. बायकांनी अंगणात रांगोळीनं आराखडा काढला होता, तो पुसला जाऊ नये म्हणून एका शाळकरी पोरीनं वहीच्या कागदावर उतरवून घेतलाय. त्यात प्रत्येक दाराच्या आत पिशवी अडकवायची खुंटीसुद्धा दाखवली आहे.